नाव जसं लिहिलंय तसंच छापून आलं पाहिजे: कोडमध्ये एन्कोडिंग नीट कसं सांभाळायचं

सांगलीत मार्केट यार्डाच्या आजूबाजूला ज्यांनी सॉफ्टवेअरची कामं केलीत त्यांना पट्टी म्हणजे काय हे सांगायला नको. हळदीचा किंवा बेदाण्याचा सौदा झाला की दुकानातून शेतकऱ्याला एक कागद मिळतो, त्यावर त्याचं नाव, गाव, पोती किंवा बॉक्स किती, वजन, दर, हमाली, तोलाई आणि शेवटी हातात येणारी रक्कम. हे सगळं आता कॉम्प्युटरवर निघतंय, नाव-गाव मराठीतच लागतंय, आणि मी गेली काही वर्षं असल्याच दुकानांची सॉफ्टवेअर लिहितोय.

एकदा काय झालं, पट्ट्या छापायचं एक पायथनचं स्क्रिप्ट मी माझ्या लॅपटॉपवर लिहिलं, तिथं लिनक्स आहे, सगळं व्यवस्थित चाललं. तेच दुकानातल्या विंडोज पीसीवर टाकलं तर एरर, चारमॅप कोडेकला ८डी हा बाइट डीकोड करता येत नाही म्हणे. सौदा संपलेला, बाहेर माणसं पट्टीसाठी उभी, आणि मी घाईत एरर्सच्या जागी इग्नोर, म्हणजे वाचता न येणारे बाइट सोडून पुढं जा, असं लिहून टाकलं. स्क्रिप्ट चाललं, पट्ट्या निघाल्या, सगळे घरी गेले. चार दिवसांनी तासगावकडचे एक आजोबा पट्टी घेऊन परत आले, आणि विचारायला लागले की माल माझा, बाग माझी, मग ह्याच्यावर हे नाव कुणाचं. तुकारामचं तकाराम झालं होतं. मग बाकीच्या पट्ट्या बघितल्या, कृष्णाचं कृषणा, कुलकर्णीचं कलकरणी, एकनाथमधला ए तर पूर्ण गेलेला. मला फार वाईट वाटलं. वर्षभर राबलेल्या माणसाला पैशाच्या कागदावर स्वतःचं नाव बरोबर मिळू नये हे काही बरं नाही, आणि ते माझ्या एका शब्दामुळं झालं होतं.

म्हणून हे लिहितोय. मराठी डेटा हाताळणारा कोड लिहित असाल तर एवढं नीट करा.

बाइट आणि मजकूर ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

कोल्ड स्टोरेजला बेदाण्याचे बॉक्स जातात तेव्हा दारातच प्रत्येक लॉटला चिठ्ठी लागते, कुणाचा माल, कुठला लॉट. चिठ्ठी नसलेला बॉक्स एकदा आत गेला की तो कुणाचा हे बॉक्सकडं बघून सांगता येत नाही, फक्त अंदाज करता येतो. बाइटचं असंच आहे. फाइलमध्ये, नेटवर्कवर, डेटाबेसच्या डिस्कवर सगळीकडं फक्त बाइट असतात, म्हणजे ० ते २५५ मधले आकडे, आणि ते आकडे म्हणजे कुठली अक्षरं हे सांगणारी चिठ्ठी म्हणजे एन्कोडिंग. चिठ्ठी चुकीची लावली तर बाइट तेच राहतात आणि अक्षरं दुसरीच दिसतात.

युनिकोडनं प्रत्येक अक्षराला एक नंबर दिलाय, त्याला कोड पॉइंट म्हणतात. देवनागरीचा ब्लॉक हेक्समध्ये, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ असे सोळा अंक वापरून, ०९०० पासून ०९७एफ पर्यंत, एकूण १२८ जागा. आपल्याकडं आधी भारतीय लिप्यांसाठी इस्की हे एन्कोडिंग होतं, ८ बिटचं, १९९१ ला त्याचं आयएस १३१९४ हे भारतीय मानक आलं, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. आता कोड पॉइंट हा नुसता नंबर, तो बाइटमध्ये कसा लिहायचा हे यूटीएफ-८ ठरवतं. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक ह्यांनी ते सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत टेबलावरच्या कागदी मॅटवर मांडलं, आणि इतकं नेटकं मांडलं की आज नवीन कोडमध्ये दुसरं काही वापरायचं कारणच उरलेलं नाही.

देवनागरीचं प्रत्येक कोड पॉइंट यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५, तिसरा बदलतो. स म्हणजे ई० ए४ बी८. हे लक्षात ठेवा, पुढं रोग ओळखायला उपयोगी पडतं.

आता माझ्या पट्टीत काय झालं ते बघा. विंडोजवर रीजन इंग्लिश इंडिया असलं की जुना डिफॉल्ट कोडपेज, म्हणजे युनिकोडच्या आधीचं विंडोजचं एन्कोडिंग, १२५२ असतो, आणि पायथनला फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितलं नाही तर तो तिथं तोच धरतो. १२५२ मध्ये पाच बाइटना कुठलंच अक्षर दिलेलं नाही, ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आणि नेमकं आपल्या ह्रस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१, हलन्ताचा, म्हणजे पाय मोडायच्या खुणेचा, ८डी, ए चा ८एफ, ऐ चा ९० आणि झ चा ९डी! इग्नोर म्हणलं की हे बाइट गुपचूप गळाले. लिहिताना पण १२५२ च होता म्हणून दोन चुका एकमेकींखाली झाकल्या गेल्या, बाकीचे बाइट जसेच्या तसे बाहेर पडले आणि मराठी बरोबर दिसली, आणि पुढं पीडीएफ करतानाही इग्नोरच लिहिलेलं असल्यामुळं अर्धवट राहिलेले दोन-दोन बाइट तिथं टाकून दिले गेले. एकही एरर नाही. फक्त उकार, जोडाक्षरं, ए आणि झ गायब.

तर पहिली गोष्ट, इग्नोर कधीच नाही. रिप्लेस, म्हणजे न कळलेल्या बाइटच्या जागी प्रश्नचिन्ह टाकणं, ते पण नाही, लॉग छापायला वगैरे चालेल, जो डेटा परत साठवायचाय त्याला नाही. स्ट्रिक्टच, म्हणजे चुकलं की एरर देणारं, ठेवायचं आणि एरर आला तर थांबायचं, कारण तो एरर सांगतोय की चिठ्ठी चुकलीय.

दारात डीकोड, दारात एन्कोड

प्रोग्रामच्या आत फक्त मजकूर असला पाहिजे. बाइट आत आले की दारातच डीकोड करायचे, म्हणजे बाइटचा मजकूर करायचा, बाहेर जाताना दारातच एन्कोड करायचं, म्हणजे मजकुराचे बाइट करायचे, आणि मधल्या कोडमध्ये एन्कोड-डीकोड हे शब्दच दिसता कामा नयेत. मधेच कुठंतरी कुणी डीकोड लिहिलेलं दिसलं तर समजायचं की मागच्या दारातून बिनचिठ्ठीचा माल आत आलाय आणि ह्या माणसानं तो तिथल्या तिथं निस्तरलाय. तसं दोन-तीन जणांनी केलं की एकाच मजकुरावर दोनदा एन्कोडिंग चढतं आणि मग ते सोडवत बसायला आख्खा दिवस जातो.

दारं मोजा आधी. फाइल वाचणं-लिहिणं, डेटाबेसचं कनेक्शन, वेबवरून येणारं-जाणारं, कन्सोल, दुसऱ्या प्रोग्रामला पाइपनं दिलेलं, प्रिंटर, एसएमएस. कागदावर यादी करा आणि प्रत्येकासमोर एन्कोडिंग लिहा, जिथं लिहिता येत नाही तिथं तुम्ही अंदाजावर चाललाय.

पायथनमध्ये ओपन लिहिलं की त्याच ओळीत एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहायचं, अपवाद नाही. पायथन ३.१० पासून एक सोय आहे, एन्कोडिंग वॉर्निंग चालू केली की जिथं जिथं तुम्ही एन्कोडिंग लिहायचं विसरलाय तिथं तो दाखवतो, जुना मोठा प्रोजेक्ट असेल तर हे पहिलं चालवा. ३.१५ पासून यूटीएफ-८ हाच डिफॉल्ट करायचं ठरलंय, पण दुकानातल्या पीसीवर कुठली आवृत्ती बसलीय ह्याचा भरवसा नाही म्हणून लिहायचंच. जावामध्ये मार्च २०२२ ला आलेल्या १८ आवृत्तीपासून डिफॉल्ट यूटीएफ-८ झालाय, त्याच्या आधीच्या जावावर तोच कोड मशीनप्रमाणं वेगळा वागतो. आणि आपल्याकडं जुन्या जावावर चालणारी बिलिंगची सॉफ्टवेअर अजून बरीच आहेत, तेव्हा तिथंही स्पष्ट लिहा.

फाइल तुकड्या-तुकड्यानं वाचत असाल, समजा ४०९६ बाइट एकावेळी, तर प्रत्येक तुकडा वेगळा डीकोड करू नका. ४०९६ ला ३ नं भाग जात नाही, म्हणजे कुठलं तरी अक्षर मधोमध तुटणारच. त्यासाठी प्रत्येक भाषेत टप्प्याटप्प्यानं डीकोड करणारा डीकोडर असतो, उरलेले बाइट तो पुढच्या तुकड्यासाठी धरून ठेवतो, तो वापरा.

वेब पेजचं थोडक्यात, हेडरमध्ये, म्हणजे सर्व्हर पानाच्या आधी जी माहिती पाठवतो तिच्यात, चारसेट यूटीएफ-८ पाठवा, एचटीएमएलमध्ये पण मेटा चारसेट टाका आणि तो पहिल्या १०२४ बाइटच्या आत असू दे. दोन्ही वेगवेगळे असले तर ब्राउझर हेडरचं ऐकतो, त्यामुळं मेटा बरोबर असूनही पान बिघडलेलं दिसलं तर सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बघा. जेसन, म्हणजे प्रोग्राम एकमेकांना डेटा देताना वापरतात तो मजकुराचा फॉरमॅट, देवाणघेवाणीत यूटीएफ-८ मध्येच असायला पाहिजे असं २०१७ च्या आरएफसी ८२५९ ह्या इंटरनेटच्या मानकात लिहिलेलं आहे. जेसनमध्ये मराठीच्या जागी उलटी तिरकी रेघ, यू आणि चार आकडे असं दिसलं तर घाबरू नका, तो डेटा बरोबर आहे, वाचणारा परत मराठी करतो.

डेटाबेस

मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ८ ह्या नावाखाली वर्षानुवर्षं जे मिळत होतं ते जास्तीत जास्त ३ बाइटचं अक्षर ठेवतं. आपली देवनागरी ३ बाइटमध्ये बसते त्यामुळं सगळ्या टेस्ट पास होतात, आणि एक दिवस कुणीतरी दुकानाच्या नावात द्राक्षाच्या घडाचा इमोजी टाकतो आणि इन्सर्ट फसतो, कारण इमोजीला ४ बाइट लागतात. म्हणून कायम यूटीएफ८एमबी४. ८.० आवृत्तीत तोच डिफॉल्ट आहे, पण जुन्या आवृत्तीतून अपग्रेड केलेली टेबलं आपोआप बदलत नाहीत, ती तपासा. आणि नुसतं टेबल बदलून भागत नाही, कनेक्शनला पण सांगावं लागतं. टेबल बरोबर आणि कनेक्शन लॅटिन-१ (१२५२ सारखंच जुनं एन्कोडिंग) असलं की लिहिताना एक बिघाड, वाचताना उलटा बिघाड, ॲपमध्ये सगळं बरोबर दिसतं आणि ज्या दिवशी दुसऱ्या टूलनं तोच डेटा उघडता त्या दिवशी कळतं की आत भलतंच साठलंय. हे माझ्या पट्टीसारखंच, दोन चुका एकमेकींना झाकतात.

एसक्यूएल सर्व्हरवर मराठीसाठी कॉलम एनव्हारकार घ्या, आणि क्वेरीत थेट मजकूर लिहित असाल तर कोटच्या आधी एन लागतो, नाहीतर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ साठते. ती प्रश्नचिन्हं खरीखुरी प्रश्नचिन्हं असतात, मूळ नाव त्यातून परत मिळत नाही. पॅरामीटर वापरून क्वेरी लिहिली तर हा प्रश्न सहसा येतच नाही, शिवाय इंजेक्शनपासून, म्हणजे मजकुरातून कुणी घुसवलेल्या क्वेरीपासून, पण वाचता.

सीएसव्ही आणि एक्सेल

दुकानदाराला, त्यांच्या सीएला, बँकेच्या माणसाला, सगळ्यांना एक्सेल पाहिजे असतं. तुम्ही शुद्ध यूटीएफ-८ मध्ये सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामानं कॉलम वेगळे केलेली साधी फाइल, दिली आणि त्यांनी विंडोजवर डबल क्लिक केलं की मराठी बिघडते, कारण एक्सेल तिथं जुना कोडपेज धरतं. उपाय म्हणजे फाइलच्या सुरवातीला ३ बाइटची खूण टाकायची, ईएफ बीबी बीएफ, तिला बॉम म्हणतात. पायथनमध्ये एन्कोडिंगच्या जागी यूटीएफ-८-सिग लिहिलं की ती आपोआप पडते. पण हीच खूण असलेली फाइल परत वाचताना साधं यूटीएफ-८ लिहिलं तर ती पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटते, आणि मग नाव हा कॉलम सापडत नाही असा एरर येतो आणि स्क्रीनवर तर नाव असंच लिहिलेलं दिसतं, तासभर कळत नाही. वाचताना पण सिग वापरा, खूण असली तर तो काढतो, नसली तर तसंच वाचतो. जेसनमध्ये आणि स्क्रिप्टच्या फाइलमध्ये मात्र बॉम घालू नका.

लांबी म्हणजे नक्की कशाची लांबी

ह्याच्यावर जरा जास्त वेळ घालवणार आहे कारण मराठीत सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो.

ज्ञानेश्वर हे नाव घ्या. आपण चार अक्षरं म्हणतो, ज्ञा, ने, श्व, र. कोड पॉइंट मोजले तर १०, कारण हलन्त, काना, मात्रा सगळं वेगवेगळं मोजलं जातं. यूटीएफ-८ बाइट ३०. पायथनमध्ये लेन १० सांगेल, जावा आणि जावास्क्रिप्ट पण १० सांगतील (ते १६ बिटचे तुकडे मोजतात, इमोजीला दोन धरतात), गो भाषेत लेन ३० सांगेल, पीएचपीत स्ट्रलेन ३० आणि एमबी-स्ट्रलेन १०. कुणीच चूक नाही, प्रत्येकजण वेगळी गोष्ट मोजतोय. त्यामुळं कोडमध्ये लांबी लिहिताना स्वतःला विचारा की मला बाइट पाहिजेत, कोड पॉइंट पाहिजेत का डोळ्याला दिसणारी अक्षरं.

एका ठिकाणी फाइलचा फॉरमॅट ठरलेला होता, नावाला २० बाइट. २० बाइटवर कापलं तर सहा कोड पॉइंट पूर्ण आणि सातव्याचे दोन बाइट लोंबकळत राहतात, म्हणजे फाइलच बाद. बाइटवर कापायचंच असेल तर कापायच्या जागेपासून मागं या, जोपर्यंत समोरचा बाइट ८० ते बीएफ मध्ये आहे तोपर्यंत तो कुठल्यातरी अक्षराचा मधला भाग आहे, तसा नसलेला बाइट मिळाला की त्याच्या आधी कापा. यूटीएफ-८ ची ही फार चांगली गोष्ट आहे, मधूनच कुठूनही बघितलं तरी अक्षर कुठं सुरू होतं ते कळतं. पण त्यानंही नाव अर्धवट राहू शकतं, ज्ञानेश् असं, पाय मोडकं. म्हणून माणसाला दाखवायचं नाव कापताना ग्राफीम क्लस्टर, म्हणजे डोळ्याला एक अक्षर म्हणून दिसणारा कोड पॉइंटचा गट, ह्या हिशोबानं कापा. जावास्क्रिप्टमध्ये इंटल सेगमेंटर आहे, पायथनमध्ये रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल आहे, जावासाठी आयसीयू लायब्ररी. इथंही आवृत्ती बघा, ष्ण सारखं जोडाक्षर एकच क्लस्टर धरायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, जुन्या लायब्ररी ते ष् आणि ण असं दोन मानतात. माझा सल्ला विचाराल तर नाव कापूच नका, कॉलम मोठा करा, जागा काही महाग नाही.

एसएमएसचं गणित पण लांबीचंच आहे आणि त्यात थेट पैसे जातात. एका एसएमएसला १४० बाइट मिळतात. इंग्रजी ७ बिटमध्ये जातं म्हणून १६० अक्षरं बसतात, पण त्या टेबलात नसलेलं एक जरी अक्षर आलं की पूर्ण मेसेज १६ बिटवर जातो आणि मर्यादा ७० होते. मोठा मेसेज तुकड्यात गेला की प्रत्येक तुकड्यात १५३ किंवा ६७. मराठी मेसेज ७० कोड पॉइंटमध्ये बसवा, काना-मात्रा धरून. आणि इंग्रजी मेसेजमध्ये रुपयाचं चिन्ह टाकलं तर तेवढ्यानंच तो ७० वर येतो, कारण ते चिन्ह जुन्या टेबलात नाही, तिथं आर एस असं लिहिलं तर मेसेज एकातच जातो.

दिसायला एकच, आतून वेगळं

कऱ्हाड. आमच्याकडं माल घेऊन येणाऱ्यांत तिकडचे लोक पण असतात, आणि एका दुकानात गावाप्रमाणं रिपोर्ट काढला तर कऱ्हाड तीन वेळा आलं, प्रत्येकाची बेरीज वेगळी. डोळ्याला तिन्ही सारखी. आत बघितलं तर एकात ऱ हा एकच कोड पॉइंट होता, ०९३१, दुसऱ्यात साधा र आणि त्याला नुक्ता, म्हणजे खालचं टिंब, असे दोन, आणि तिसऱ्यात र, हलन्त आणि मग झीरो विड्थ जॉइनर, जो दिसत नाही. कीबोर्डप्रमाणं माणसं वेगवेगळं टाइप करतात, त्यांची काय चूक.

पहिली दोन एक करायला युनिकोड नॉर्मलायझेशन आहे, एनएफसी फॉर्म. आत येतानाच, दारात, डीकोड झाल्यावर लगेच एनएफसी करा, र आणि नुक्ता मिळून ऱ होतो. तिसरं एनएफसी जोडत नाही, त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो, र, हलन्त, जॉइनर दिसलं की ऱ आणि हलन्त करायचं. सगळे जॉइनर सरसकट काढून टाकू नका, नाहीतर कऱ्हाडचं कर्हाड होईल, रफार वर जाईल आणि ते दुसरंच काहीतरी होऊन बसेल.

असाच ॲ. ॲग्रो नावाची दुकानं मोजायला बसलं तर संपायची नाहीत. ०९७२ हा ॲ चा कोड पॉइंट युनिकोडमध्ये २००८ ला ५.१ आवृत्तीत आला, त्याच्या आधीपासून लोक अ लिहून त्यावर चंद्र देत आलेत, काहीजण मधे जॉइनर घालून. एनएफसी ह्यालाही हात लावत नाही. अ ला काना जोडून आ लिहिलेला पण सापडतो. मी अशा पाच-सहा बदलांचं एक छोटं टेबल ठेवलंय आणि नॉर्मलाइज करणारं एकच फंक्शन, जे आत येणारं प्रत्येक नाव आणि सर्चचा प्रत्येक शब्द दोन्हीकडं चालतं. सर्चच्या शब्दावर चालवायला विसरलात तर काही उपयोग नाही.

रेजेक्सचं, म्हणजे मजकुरात नमुना शोधायच्या खुणांचं, पण सांगतो. पायथनच्या नेहमीच्या री मॉड्यूलमध्ये शब्दातली अक्षरं म्हणून जी खूण वापरतात, उलटी तिरकी रेघ आणि डब्ल्यू, ती काना-मात्रा-अनुस्वार पकडतच नाही. सांगली ह्या शब्दाचे तुकडे पडतात. सगळी अक्षरंच आहेत का हे तपासणारा इज-अल्फा पण सांगलीला खोटं म्हणतो. कितीतरी फॉर्म मराठी नाव चुकीचं आहे म्हणून नाकारतात त्याचं एक कारण हे, आणि खरं सांगायचं तर नाव बरोबर आहे का हे तपासायचा अधिकार आपल्या कोडला नाहीच, रिकामं नसलं म्हणजे झालं. जिथं खरंच गरज आहे तिथं अक्षरं आणि मार्क हे दोन्ही युनिकोड वर्ग मागा. क्रमवारी लावताना पण कोड पॉइंटवर लावू नका, तिथं ळ हा ल च्या लगेच पुढं येतो आणि आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर आहे, आयसीयूला मराठी लोकेल, म्हणजे मराठीचे नियम, देऊन सॉर्ट करा.

जुना डेटा

हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीखाली. म्हातारी माणसं सांगतात की पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, हवा जाऊ द्यायची. जुन्या कॉम्प्युटरमधली फाइल तशीच उघडा. आधी कॉपी करा, मूळ फाइल रीड ओन्ली करून बाजूला ठेवा, आणि मग कॉपीवर काम करा. एडिटरमध्ये उघडून सहज सेव्ह केलं आणि एडिटरनं दुसऱ्याच एन्कोडिंगमध्ये लिहिलं तर मूळ बाइट गेले.

मग लक्षणं बघा. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्याच्या पुढं चलनाचं गोल चिन्ह किंवा येनचं चिन्ह, असं पुन्हा पुन्हा दिसत असेल तर ते ई० ए४ आणि ई० ए५ आहेत, म्हणजे यूटीएफ-८ ला कुणीतरी १२५२ म्हणून वाचलंय. फाइल मूळ असेल तर नुसती चिठ्ठी बदलून वाचा, झालं. तसंच वाचून परत साठवलेलं असेल तर उलटं जा, १२५२ मध्ये एन्कोड करून यूटीएफ-८ म्हणून डीकोड करा, पण ते वर सांगितलेले पाच बाइट गळालेत का हे बघून. प्रश्नचिन्हं किंवा काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह साठलेलं असेल तर तिथं काही उरलेलं नाही, मूळ कागद शोधा. नुसते रिकामे चौकोन दिसत असतील तर बहुतेक फॉन्ट नाही, डेटा ठीक आहे. ठिपक्यांचं गोल आणि त्याला चिकटलेली वेलांटी किंवा मात्रा दिसली तर अक्षर मधे तुटलंय किंवा क्रम चुकलाय.

आणि डेटा उघडल्यावर साधी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं असं काहीतरी अर्थहीन दिसत असेल, तर तो बहुतेक कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमधला आहे. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे आकार बसवलेले असतात, त्यामुळं इथं एन्कोडिंग बदलून काहीही होत नाही, त्या-त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो. त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते, रफार उलट नंतर टाइप केलेला असतो आणि युनिकोडमध्ये तो र आणि हलन्त होऊन आधी येतो, म्हणून कन्व्हर्टर चालवल्यावर मिरज आणि सर्व ह्यासारखे शब्द मुद्दाम वाचून बघा. फॉन्ट कुठला होता हे माहीत नसेल तर त्या काळात टायपिंग करणाऱ्या माणसाला जाऊन विचारा, कोडमध्ये ते सापडणार नाही.

पावतीच्या छोट्या थर्मल प्रिंटरबद्दल एवढंच, बहुतेकांच्या आत देवनागरी नसते, मजकूर पाठवून उपयोग नाही. मराठी ओळ आधी चित्र म्हणून तयार करा, जोडाक्षरं नीट जोडणाऱ्या लायब्ररीनं, आणि ते चित्र छापा.

माझ्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये आता एक टेस्टची फाइल असते. त्यात तुकाराम, कृष्णा, एकनाथ, माझा, ऐतवडे, ज्ञानेश्वर, तिन्ही प्रकारचं कऱ्हाड, दोन्ही प्रकारचं ॲग्रो, देवनागरी आकडे आणि एक द्राक्षाचा इमोजी. हे सगळं फाइलमध्ये लिहून वाचायचं, डेटाबेसमधून फिरवून आणायचं, सीएसव्ही करून परत घ्यायचं, आणि जे गेलं तेच आलं का हे एकेक बाइट जुळवून बघायचं. आणि हे माझ्या लॅपटॉपवर नाही, दुकानातल्या त्याच विंडोज पीसीवर चालवायचं, पट्टी छापायच्या आधी. त्या आजोबांना नवीन पट्टी मी स्वतः गावी नेऊन दिली, त्यांनी उकारावर बोट ठेवून बघितलं आणि खिशात घातली.